बातमी तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे

पत्र : मी सोलापूरची. सहा महिन्यांपूर्वी जुळे सोलापूर भागात भाड्याच्या दोन खोल्यांत ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा व्यवसाय सुरू केला. बचत होती ती शेगड्या, पॅकिंगचं मशीन आणि डिपॉझिटमध्ये गेली, जाहिरातीला काही उरलं नाही. एका एजन्सीनं महिन्याचे 25 हजार सांगितले. मैत्रीण म्हणाली, पेपरला बातमी दे, फुकट छापतात. दोन दैनिकांना मजकूर पाठवला, पण कुणी छापला नाही. एका वार्ताहरानं ‘आधी पुरवणीत जाहिरात द्या, मग बघू’ म्हणून सांगितलं. रील बनवणारी एक मुलगी पैसे मागते. आमची ज्वारी मंगळवेढ्याची आहे, भाकरी खाऊन शुगर कमी होते, दर माफक आहेत. भाऊ म्हणतो, एखाद्या नेत्याच्या हस्ते उद्घाटन करू, बातमी आपोआप येईल. पैसे न घालता प्रसिद्धी खरंच मिळते का? आमच्याकडे पाच जणी कामाला आहेत, त्यातल्या चौघी आधी विड्या वळायच्या.
– एक उद्योजिका, सोलापूर

ताई,

मिळते. तुम्हाला तर नक्की मिळेल, कारण तुमच्याकडे बातमी आहे. फक्त ती तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहे, आणि दैनिकांना पाठवलेल्या मजकुरात तर ती घातलेलीच नाही. तुम्ही सोबत जोडलेला तो मजकूर मी वाचला. सुरुवात अशी आहे : ‘सोलापूरकरांच्या सेवेत दर्जेदार, पौष्टिक व माफक दरातील कडक भाकरी आता उपलब्ध.’ जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर मी बरीच वर्षं काम केलं आहे. अशी पानं रोज येतात आणि पहिल्या ओळीतच बाजूला पडतात. त्यात उपसंपादकाचा आकस नसतो. त्याला त्या दिवशीची पाणीकपात, बाजार समितीतले कांद्याचे भाव आणि महापालिकेची सभा त्याच पानात बसवायची असते. तुमचा माल चांगला आहे हे तुमच्या दृष्टीनं मोठं आहे. वाचकाला मात्र त्यातून नवं काहीच कळत नाही. कडक भाकरी सोलापूरला नवी नाही आणि पौष्टिक ज्वारीबद्दल तर 2023 च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षात प्रत्येक पेपरानं भरभरून छापलं आहे.

आता शेवटची ओळ घ्या. सोलापूरच्या पूर्व भागात घराघरांत विड्या वळल्या जातात, हे सोलापूरकराला सांगायला नको. पानं भिजवायची, कातरायची, तंबाखू भरून वळायची, जुड्या बांधून कारखान्यात द्यायच्या आणि मजुरी मिळायची ती हजार विड्यांमागे. खराब म्हणून काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. या कामातून बाहेर पडून काय करायचं, हा हजारो घरांतला प्रश्न आहे. त्यातल्या चौघींनी तुमच्याकडे भाकरी थापायला सुरुवात केली, ही गोष्ट सोलापुरातल्या कुठल्याही वाचकाला वाचावीशी वाटेल. कुणाच्या आईनं विड्या वळल्यात, कुणाची मावशी अजून वळते. त्या चौघी घरी तेलुगू बोलणाऱ्या असतील आणि कानडी-मराठी घरांतली ही कडक भाकरी त्यांनी तुमच्याकडे येऊन शिकली असेल, तर तेही लिहा. असं शहर आपल्याकडे दुसरं नाही.

तेव्हा मजकूर पुन्हा लिहा. सुरुवात साधारण अशी करा, तपशील खरे घाला :

‘इतकी वर्षं विड्या वळणाऱ्या पूर्व भागातल्या चार महिला आता जुळे सोलापुरात कडक भाकरी थापतात. हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीऐवजी त्यांना आता ठरलेला पगार मिळतो. दिवसाला त्या इतक्या भाकरी तयार करतात आणि त्या अमुक गावांना जातात.’

पुढच्या परिच्छेदात त्यांच्यापैकी एकीचं बोलणं, तिच्याच शब्दांत. त्यानंतर तुम्ही कोण, हे कसं सुचलं, अडचण कुठं आली. ज्वारी कुठून घेता. पत्ता आणि फोन नंबर अगदी शेवटी, एका ओळीत. ‘दर्जेदार’, ‘माफक’, ‘खवय्यांसाठी पर्वणी’ हे शब्द पूर्ण काढा. अडीचशे ते तीनशे शब्द पुरे.

हे करण्याआधी मात्र त्या चौघींशी बसून बोला. नाव छापून आलेलं चालेल का, फोटो चालेल का, घरचं काय सांगायचं आणि काय नाही, हे त्यांनी ठरवायचं. एखादी नको म्हणाली तर तिचं नाव येणार नाही. ‘बिचाऱ्यांना आधार दिला’ असा सूर लिहिण्यात येऊ देऊ नका आणि वार्ताहर तसा लिहू लागला तर त्याला थांबवा. त्या कसबी हातांच्या बायका आहेत. विडी वळताना कमावलेला बोटांचा वेग आज तुमच्या कामाला येतो आहे. आणि ज्या दिवशी फोटोसाठी काम थांबेल त्या दिवसाचा पगार पूर्ण द्या. हे मी आग्रहानं सांगते, कारण प्रसिद्धी तुमच्या धंद्याची होणार आहे आणि तिचा चेहरा त्या असणार आहेत. पगार खरोखर बरा आणि वेळेवर नसेल, तर ही बातमी देऊच नका. बातमी वाचून कुणीतरी त्यांनाच विचारणार आहे.

पाठवायचं कुणाला? सगळ्यांना एकदम नको. तुमच्या शहरात सकाळ, लोकमत, पुढारी, दिव्य मराठी यांच्या आवृत्त्या आहेत, शिवाय संचारसारखं खास सोलापूरचं दैनिक आहे. आठवडाभर हे पेपर समोर ठेवून वाचा. महिलांच्या, छोट्या उद्योगांच्या, शहरातल्या माणसांच्या बातम्या कुणाच्या नावानं येतात ते टिपून ठेवा. त्यातला एक पत्रकार निवडा आणि त्यालाच दुपारच्या आधी फोन करा. संध्याकाळी पानं लावायची गडबड असते, तेव्हा कुणाला तुमचं ऐकायला सवड नसते. फोनवर दोन वाक्यांत सांगा, या आणि बघा म्हणा. आठ-दहा दिवसांत त्याच्याकडून काही हललं नाही तर त्याला कळवून दुसऱ्याकडे जा. एकच मजकूर एकाच मेलमध्ये दहा पेपरांना पाठवला की प्रत्येकाला वाटतं, दुसरा छापेल.

मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर मराठी टाइप होतं तसा, टाइप करून पाठवा. लेटरहेडवर प्रिंट काढून त्याचा फोटो पाठवला तर तो डेस्कवरच्या माणसाला पहिल्यापासून टाइप करावा लागतो, आणि तेवढ्यासाठी चांगली बातमीसुद्धा मागे राहते. फोटो व्हॉट्सअॅपवरून पाठवायचे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर त्यांची छपाईची गुणवत्ता जाते. फोटोत रांगेत उभ्या राहून पाकिटं दाखवणाऱ्या बायका नकोत. परातीत पीठ मळताना, तव्यावर पाणी फिरवताना, कागदासारखी पातळ भाकरी उन्हात धरून बघताना काढा. खाली डावीकडून नावं लिहा, ती अचूक लिहा. नाव चुकीचं छापलं तर त्या बाईला किती लागतं, हे पेपरात काम करणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

आता त्या ‘आधी जाहिरात द्या’वाल्या वार्ताहराबद्दल. राग मानू नका, पण मान्यही करू नका. तालुक्याला, उपनगरात काम करणाऱ्या अनेक वार्ताहरांना मानधन नाममात्र असतं. वर्धापनदिनाच्या किंवा दिवाळीच्या पुरवणीला जाहिराती आणल्या तर त्यावर कमिशन मिळतं, आणि त्याचं घर बऱ्याचदा त्यावर चालतं. ही व्यवस्था वाईट आहे. त्याची अडचण खरी असली तरी पैसे देऊन बातमी छापून घेणं म्हणजे वाचकाला फसवणं, आणि तुमच्या पहिल्याच बातमीला तो डाग नको. ‘सध्या जाहिरातीला पैसे नाहीत, जमेल तेव्हा तुमच्याकडूनच देईन’ एवढं म्हणा आणि कार्यालयातल्या दुसऱ्या पत्रकाराशी बोला. पुढं कधी जाहिरात दिलीत तर ती जाहिरात म्हणून द्या, चौकटीत, पावती घेऊन.

रील बनवणाऱ्या मुलीला पैसे देऊ नका. ती वाईट आहे म्हणून नाही, तुम्हाला तिची आत्ता गरज नाही म्हणून. तुमच्याकडे दिवसभर जे घडतं तेच बघण्यासारखं आहे. भाकरी थापल्याचा आवाज, कडक झालेली भाकरी मोडल्याचा आवाज, शेंगदाणे कुटताना तेल सुटू लागतं तो क्षण. फोन एका जागी टेकवून ठेवा आणि चित्रण करा. वर गाणं घालू नका, त्या बायकांचं बोलणं तसंच राहू द्या. सोलापूरच्या बोलीतला ‘की वं’ ऐकून पुण्यात हडपसरला राहणारा सोलापूरकर ते दहा जणांना पाठवेल. कुणी स्वतःहून तुमच्या भाकरीवर व्हिडिओ करायला तयार झालं आणि तुम्ही त्याला मोफत माल दिलात, तर ते त्यानं व्हिडिओत स्पष्ट सांगायला हवं. ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी 2023 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मोफत मिळालेल्या वस्तूही येतात.

पत्रात एक वाक्य असं आहे की त्याची मला काळजी वाटते. ‘भाकरी खाऊन शुगर कमी होते.’ हे कुठंही लिहू नका, पाकिटावर नको, बातमीत नको, व्हॉट्सअॅपवर तर नकोच. ज्वारीत तंतू चांगले असतात, एवढं म्हणा. रोग बरा किंवा कमी होतो असा दावा खाण्याच्या पदार्थाबद्दल करता येत नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि त्या कायद्याच्या दृष्टीनं पाकिटावरचा मजकूर आणि पत्रकसुद्धा जाहिरातच. दंडापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे, कुणी मधुमेही माणूस तुमचं वाचून गोळी बंद करू शकतो. मंगळवेढ्याबद्दलही सांभाळून. तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाच्या नावाची कायदेशीर ओळख, आहे. ज्वारी खरोखर तिथल्या शेतकऱ्याकडून घेत असाल, पावत्या असतील, तर अभिमानानं सांगा. मानांकनाचं चिन्ह मात्र अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झाल्याशिवाय छापायचं नाही. एखाद्या हंगामात ज्वारी दुसरीकडून आणावी लागली तर पाकिटावरून ‘मंगळवेढा’ काढा.

मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याशी थेट व्यवहार असेल तर आणखी एक दार उघडतं. अॅग्रोवनसारखं शेतीचं दैनिक अशा गोष्टी शोधत असतं, पण तिथं गोष्ट वेगळी सांगावी लागेल : कोरडवाहू रानातली मालदांडी ज्वारी बाजार समितीत न जाता थेट प्रक्रियेला गेली तर शेतकऱ्याच्या हातात क्विंटलमागे किती जास्त पडतात. खरा आकडा असेल तरच जा. तिथला वाचक हिशेब तपासतो.

आणि आकाशवाणी. सोलापूर केंद्र तुमच्याच शहरात आहे, आणि छोटे उद्योजक त्याचा विचारच करत नाहीत याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. महिलांसाठी, शेतकऱ्यांसाठी तिथं कार्यक्रम होतात, त्यांना बोलणारी माणसं हवी असतात. केंद्रावर जाऊन कार्यक्रम विभागाला अर्ज द्या : विषय, कोण बोलणार, फोन नंबर. मुलाखतीत धंद्याचं नाव पुन्हा पुन्हा घेता येणार नाही, ते योग्यच आहे. पण मंगळवेढा, सांगोला, मोहोळकडचे शेतकरी ते ऐकतात, आणि पुढच्या वर्षीची ज्वारी तुम्हाला त्यांच्याकडूनच घ्यायची आहे.

गुगलवर दुकानाची नोंद केली आहे का? पत्रात उल्लेख नाही, म्हणून बहुतेक नसावी. आजच करा, फुकट आहे. पडताळणीसाठी जागेचा व्हिडिओ मागितला जाऊ शकतो. पाटी, दार, आतलं काम दिसेल असा काढा. नाव मराठीत आणि इंग्रजी अक्षरांतही द्या, वेळ खरी लिहा, सुट्टीच्या दिवशी बदला. ग्राहकांना अभिप्राय लिहायला जरूर सांगा, पण त्याबदल्यात सूट किंवा चटणीचं पाकीट देऊ नका. ते गुगलच्या नियमांत बसत नाही आणि वाचणाऱ्यालाही ते ओळखू येतं. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये दर आणि फोटोंची यादी लावून ठेवा. पण सोसायट्यांच्या ग्रुपवर रोज ‘शुभ सकाळ, भाकरी उपलब्ध’ टाकू नका. महिन्यातून एकदा, तेही उपयोगाचं काही असेल तर.

उपयोगाचं म्हणजे काय, हे सांगायला मला उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आठवतो. लोखंडानं जमिनीत विष कालवलं जाईल अशी शेतकऱ्यांना भीती होती आणि सुरुवातीला नांगर कुणी घेईना. पुढं त्यांच्या कारखान्याच्या किर्लोस्करवाडीहून 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याचं ते पत्रक हळूहळू असं केलं की लोक ते वाचायला मागू लागले, आणि त्याचंच पुढं मराठीतलं मोठं मासिक झालं. तुम्ही मासिक काढू नका. पण पाकिटात हाताएवढा एक कागद घाला : पावसाळ्यात भाकरी मऊ पडली तर तव्यावर कशी शेकायची, दह्यात भिजवून कशी खायची, प्रवासात किती दिवस टिकते, या महिन्यातली ज्वारी कुठल्या गावची आहे. असा कागद लोक फ्रीजवर लावतात, आणि घरी आलेला पाहुणा तो वाचतो.

आता वेळ. हे उत्तर लिहिताना नोव्हेंबर चालू आहे. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा, होम मैदानावर गड्डा म्हणजे यात्रेचा बाजार भरतो, भोगीला घरोघरी भाकरी होते, रानात हुरड्याचे दिवस असतात. पेपरांना तेव्हा सोलापूरच्या खाण्यावर लिहायचंच असतं. डिसेंबरच्या मध्यापर्यंत तुमचा मजकूर आणि फोटो पत्रकाराच्या हातात हवेत, कारण पुरवण्यांचं नियोजन आधी होतं. आठ मार्चची वाट पाहू नका. महिला दिनाला प्रत्येक पेपरात यशस्वी महिलांची पानं असतात आणि एवढ्या गर्दीत तुमच्या वाट्याला चार ओळी येतील.

त्याआधी एक काम संपवा, आणि ते झालं नसेल तर संक्रांतही सोडून द्या. कडक भाकरी कुरियरमध्ये मोडते. बातमी आली की पहिल्या दोन दिवसांत फोन थांबणार नाही. बहुतेक फोन पुण्या-मुंबईतल्या सोलापूरकरांचे असतील, पार्सल मागतील. त्यांच्या हातात चुरा पडला तर त्याचा फोटो तुमच्या बातमीपेक्षा लांब जाईल. म्हणून आधी पुण्याला, मुंबईला, नागपूरला ओळखीच्या माणसांना पार्सलं पाठवून बघा. भाकरी उभी ठेवून, आडवी ठेवून, मध्ये जाड पुठ्ठा घालून. कुठल्या रचनेत किती मोडतात ते मोजा. कुरियरचा खर्च धरून दर पक्का करा. पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, 14 अंकी क्रमांक आणि तयार केल्याची तारीख आहे ना, बघा. पाच जणींकडून दिवसाला जास्तीत जास्त किती भाकरी होतात तो आकडा फोनजवळ लिहून ठेवा आणि त्यापलीकडे ऑर्डर घेऊ नका. ‘दहा दिवसांनी मिळेल’ असं सांगितलेलं लोक ऐकून घेतात. शब्द पाळला नाही तर परत येत नाहीत. फोन घ्यायला तेवढे दिवस भावाला बसवा, त्याला उत्साह आहेच.

बातमी छापण्याआधी ‘दाखवा’ म्हणून पत्रकाराच्या मागे लागू नका. आकडे आणि नावं तेवढी तपासून घ्यायला सांगा. छापून आल्यावर कात्रण आणि ई-पेपरचं पान जपून ठेवा. चूक झाली असेल तर शांतपणे कळवा. पुढं बँकेत कर्जासाठी जाल, बचत गटाच्या माध्यमातून महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनासाठी प्रयत्न कराल, तेव्हा ते कात्रण फाइलमध्ये लावा.

राहिला भावाचा नेता. बोलावू नका. नेता आला की बातमी नेत्याची होते. फोटोत तो, त्याच्या बाजूला कार्यकर्ते, आणि मजकुरात ‘यावेळी उपस्थित मान्यवर’ यांची यादी. भाकरी कुणी थापली हे त्यात येत नाही. शिवाय एका पक्षाचा माणूस आला की दुसऱ्या पक्षाच्या गल्लीतलं गिऱ्हाईक विनाकारण बिचकतं. सहा महिने दुकान चालू आहे, त्याला आता उद्घाटन कशाला? त्या दिवसाचा मंडप, हार, चहा-नाष्टा यांचा जो खर्च भावानं धरला असेल तो जाड पुठ्ठ्याच्या खोक्यांना वापरा.